सीट विकणे आहे

गोंदियात बुलेट विकायला फार काही करावं लागत नाही. जयस्तंभ चौकात उभी करायची, हँडलला ‘विकणे आहे’ अशी पुठ्ठ्याची पाटी अडकवायची आणि जवळच्या टपरीवर चहा सांगायचा. चहा येईपर्यंत दोघं भाव विचारून जातात. संपेपर्यंत तिसरा चावी मागून चक्कर मारून येतो. पण बुलेटची नुसती सीट विकून दाखवा. अख्खी म्हैस बाजारात हातोहात खपते; शेपटी वेगळी विकायला बसलं की गिऱ्हाईक शेपटीकडे नाही, विकणाऱ्याच्या डोक्याकडे बघायला लागतं.

माझी सीट साधीसुधी नव्हती, टूरिंग सीट होती. पुढे बसणाऱ्यासाठी खोलगट बैठक, मागच्यासाठी दोन बोटं उंच जागा, आत चार बोटं जाड फोम, वर काळं रेक्झिन आणि कडेने तपकिरी दोऱ्याची दुहेरी शिलाई. दिवसभर गाडी हाकली तरी पाठ, कंबर आणि तिच्या दक्षिणेचा प्रदेश शाबूत राहावा, अशा हिशेबाने ती केलेली असते. दक्षिणेचा प्रदेश म्हटलं, कारण मी शाळेत भूगोल शिकवतो.

आणि सगळा घोळ भूगोलानेच केला. एप्रिलातलं ऊन चाळिशी ओलांडून पुढे निघालेलं, वीज गेल्यामुळे वर्गातला पंखा स्थिर आणि मी मानेवरचा घाम पुसत सांगतोय, ‘मुलांनो, लडाख हे शीत वाळवंट आहे.’ अशा वेळी मुलांचं मन वर्गात राहतं, मास्तरचं बाहेर जातं. लडाखला बुलेटवरूनच जायचं असतं, असं हल्ली खुद्द तिथल्या पर्वतांनाही वाटत असावं. म्हणून बुलेट घेतली. मग आधी सीट, नंतर जॅकेट, नंतर रजा आणि शेवटी बायकोची परवानगी, असा क्रम लावला. सीट आली. जॅकेटचा विषय निघाला तेव्हा हिने विचारलं, ‘ते घालून गोंदियात कुठे फिराल?’ पुढच्या बाबी तिथेच थांबल्या.

टूरिंग सीटने टूर अगदीच केला नाही, असं नाही. पावसाळ्यात ती सालेकशाकडे हाजरा फॉलला जाऊन आली. अंतर पन्नासेक किलोमीटर. फोमला काही करून दाखवायची संधी मिळण्याआधीच माणूस पोहोचतो. नवेगावबांधलाही गेली. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या त्या तलावाच्या काठावर मी तिचे निरनिराळ्या कोनांतून फोटो काढले. पुढे जंगलाच्या गेटवर मात्र वनरक्षकाने हात आडवा केला. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि व्याघ्र प्रकल्पात दुचाकी सोडत नाहीत. वाघाच्या दृष्टीने साधी सीट आणि टूरिंग सीट यांत फरक नसतो. दोन्हींवरचा माणूस सारखाच हाताशी असतो. मी जिप्सीच्या बाकावर आदळत जंगल पाहिलं आणि माझी सीट गेटवरच्या सावलीत आराम करत राहिली.

सीटचा खरा गुण पुढे कळला. सीट रुंद असली की मांड्या पसरतात, आणि मांड्या पसरल्या की पाय तेवढे वर उचलले जातात. मला उंची देताना देवाने आधीच हात आखडता घेतलेला. चालत्या गाडीवर माझी ऐट बघण्यासारखी. गाडी थांबली की दोन्ही पायांचे फक्त अंगठे जमिनीची विचारपूस करून परत यायचे. बुलेटचं वजन दोन क्विंटलच्या आसपास. रेल्वे फाटकावर मालगाडी जाईपर्यंत दोन क्विंटल माल दोन अंगठ्यांवर तोलून धरायचा, म्हणजे मालगाडी आखूड असावी लागते. एकदा ती लांब निघाली. अर्धे डबे गेले तेव्हा बुलेट सावकाश, कुणालाही त्रास न देता डावीकडे कलली आणि मी तिची साथ सोडली नाही. उचलायला आमच्याच शाळेची पोरं धावली. त्यातल्या एकाने कमालीच्या आदराने विचारलं, ‘सर, लडाख आला का?’

त्या संध्याकाळी गाडीला जुनी सीट पुन्हा चढली आणि टूरिंग सीट दिवाणाखाली गेली. ‘ही इथे राहणार असेल तर पापड-कुरड्यांचे डबे मी कुठे ठेवू?’ हा प्रश्न हिने रात्रीच्या जेवणाला विचारला आणि सकाळच्या चहालाही विचारला. उन्हाळ्याचे दिवस, कुरड्या वाळत आलेल्या. मी मोबाईल काढला आणि जाहिरात टाकली : ‘बुलेटची टूरिंग सीट विकणे आहे. उत्तम स्थितीत. किंमत 3,000 रुपये.’ नुसती सीट फरशीवर ठेवून फोटो काढला तर ती नेमकी काय वस्तू आहे तेच कळेना. म्हणून ती गाडीवर बसवून, गाडी धुऊन-पुसून, अंगणातल्या जास्वंदीपुढे उभी करून फोटो काढला.

जाहिरात वाचण्याची लोकांची एक पद्धत असते. माणूस आधी फोटो बघतो, मग किंमत बघतो आणि मग फोन लावतो. मधले शब्द जाहिरात देणाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेले असतात.

‘बुलेट तीन हजारले देऊन राहिले का जी?’

‘बुलेट नाही, सीट.’

‘हो, पन सीट तं सोबतच येईन ना?’

‘सोबत काही नाही. फक्त सीट.’

‘मंग बुलेट कोनाले देली?’

तिरोड्याहून एकाने मला बोलूच दिलं नाही. ‘कोनालेच देऊ नका सर, मी पन्नास रुपये जास्त देतो.’ दुसऱ्याने फोनवरच खासगी आवाजात विचारलं, ‘कागदपत्रं नाहीत वाटते? चालते आपल्याले.’ दिवेलागणीपर्यंत बातमी गावभर झाली की सरांनी बुलेट तीन हजारांत काढली. रात्रीपर्यंत तिला कारणं फुटली. कुणी म्हणालं सट्टा, कुणी म्हणालं मोबाईलवरची रमी, कुणी म्हणालं मास्तरकीत काय असतं, हप्ते थकले असतील. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने न बोलता आपला डबा माझ्यापुढे सरकवला. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं, दार लोटलं.

‘घरी सगळं ठीक आहे ना? शिक्षकांच्या पतसंस्थेतून तातडीचं कर्ज मिळतं. लाजू नका.’

‘सर, मी फक्त सीट विकतोय.’

‘तेच म्हणतो मी,’ ते हळहळत म्हणाले. ‘सुरुवात सीटपासूनच होते.’

मग एका रात्री एक फोन आला आणि माझे डोळेच भरून आले. ‘सर, मैं आर्मी में हूँ. पोस्टिंग लेह में है. सीट मुझे चाहिए.’ लेह! ज्या गावाला मला ती सीट नेता आली नाही, तिथे ती माझ्याशिवाय निघाली होती. गृहस्थाने भाव केला नाही, का विकता विचारलं नाही, जादा फोटो मागितला नाही. त्याचं एवढंच म्हणणं होतं की तो एक क्यूआर पाठवील, तो मी स्कॅन करायचा, पिन टाकायचा आणि तीन हजार माझ्या खात्यात जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, हे आमच्या सातवीच्या पोरांनाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण मी विचारात पडलो होतो तो पिनच्या नाही, लेहच्या. शेवटी हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि गोड आवाजात विचारलं, ‘भैया, लेह में अभी टेम्परेचर कितना है?’

‘चालीस,’ पलीकडून उत्तर आलं.

हिने फोन ठेवला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला. घरात तो माझ्याशिवाय कुणाला लागणार नाही, असंही सांगितलं.

हे वगळून जे खरे गिऱ्हाईक उरले ते सगळे फिटिंगवाले निघाले. माणसाला वस्तू पसंत पडली की ती आपल्याला लागते की नाही, हा प्रश्न तो मागाहून सोडवतो.

‘स्प्लेंडरले बसते का?’

‘नाही बसत.’

‘थोडी कापली तं?’

‘काय, स्प्लेंडर?’

‘सीट जी!’

एका आजोबांकडे राजदूत होती. चालू आहे का, विचारलं तर म्हणाले, ‘बंद आहे बरेच सालापासून. पन सीट चांगली भेटली तं चालू करीन.’ एका मुलीला अ‍ॅक्टिव्हाच्या पाय ठेवायच्या जागेवर ती आडवी मावेल का, एवढंच विचारायचं होतं, तिच्या कुत्र्यासाठी. शेवटी एक अस्सल बुलेटवाला आला. दाढी, कडं, काळा चष्मा, सगळं शास्त्रशुद्ध. मला वाटलं, झालं काम. पण 2009 साली आलेल्या क्लासिकची सीट 2021 साली आलेल्या नव्या क्लासिकला बसत नाही. मधे गाडीचा सांगाडाच बदलला. माझी सीट जुन्या सांगाड्याची, त्याची गाडी नव्या. हे दोघांनाही पहिल्या मिनिटात कळलं, तरी तो दुपारभर माझ्या अंगणात पाने-पक्कड पसरून बसला होता. ‘मागून अर्धा इंच ड्रिल मारलं तर...’ असं तो सीटला समजावत होता. जाताना माझा दहा नंबरचा पाना घेऊन गेला.

सीट आता बैठकीच्या बाहेर ओट्यावर मांडली होती. तिचे बोल्ट हरवू नयेत म्हणून मी ते वायसरांसकट पारदर्शक पन्नीत बांधून, वर रबर लावून शेजारी ठेवले होते. पण आमच्या भागात पारदर्शक पन्नीला रबर लावलेली कुठलीही वस्तू खर्राच असते. सीट बघायला आलेल्या एका गृहस्थांनी बोलता बोलता ती पुडी उचलली आणि तळहातावर घोटायला घेतली. फोम किती दिवस टिकतो, रेक्झिन पावसात फाटतं का, असं विचारत ते घोटत होते. बराच वेळ घोटूनही आतला ऐवज मऊ पडेना, तेव्हा त्यांनी पुडी उजेडात धरून नीट पाहिली. ‘सुपारी लय मोठी कापली जी,’ ते म्हणाले आणि ठेवून दिली.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब राहतात. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांचं आयुष्य गेलेलं. सीट ओट्यावर आली त्या संध्याकाळी ते आले, अंगठ्याने फोम दाबला, अंगठा काढला आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिलं. मग बसले. ते दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आले. पुढे पेपर, चष्म्याची डबी आणि पाण्याचा तांब्या इथेच राहू लागला.

‘गार्डसाहेब, घेऊनच टाका ना,’ मी म्हटलं.

‘माझ्याकडे गाडी कुठे आहे, सर? पण तुमचं गिऱ्हाईक आलं तर निःसंकोच सांगा, मी उठतो.’

ते खरोखर उठायचे. नुसते उठायचे नाहीत, शिफारसही करायचे. ‘एक नंबर सीट आहे. मी रोज तीन-तीन तास बसतो, सांगतो ना!’ त्यावर गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं आणि ‘म्हणजे वापर सुरूच आहे,’ असं म्हणून पाचशे रुपये कमी करायचं.

आमगावहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको, सासूबाई आणि एक पोरगा, सगळे एकाच गाडीवर. मोटार वाहन कायद्याचं कलम 128 सांगतं की दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसवावा, आणि तोही गाडीला पक्क्या बसवलेल्या नीट सीटवर. ओट्याला हे कलम लागू नसल्यामुळे चौघंही एकदम बसून पाहू लागले. सासूबाईंनी मागची जागा चाचपून विचारलं, ‘मागच्याले धराले काय आहे?’ मी त्यांना केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 समजावला : धरायला दांडी, पायाला आधार आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी. हे सगळं गाडीला असतं, सीटला नाही.

‘मंग गाडीच काहून देत नाही जी?’ सासूबाई म्हणाल्या.

पोहे झाले, चहा झाला, पोराला पाचवीत आमच्या शाळेत घालायचं बोलणं झालं. पाचशे देतो, असं निघताना नवरा म्हणाला आणि चौघं पुन्हा कलम 128 मोडत निघून गेले.

ज्यांना पैशांची चिंता नव्हती त्यांना कागदांची होती. धोतर-टोपीतले एक काका सीटला फेरी मारून म्हणाले, ‘माल बरा आहे. पन नावावर कसा करायचा? फॉर्म 29 न् 30 तुमी भरान का मी?’

‘काका, ते गाडीला. सीटला आरसी नसते.’

‘मंग चोरीची नाही कायवरून?’

मी बिल शोधून आणलं. त्यावर ‘सीट, नग 1’ एवढंच लिहिलेलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पुढून-मागून वाचलं. ‘याच्यात तुमचं नाव कुठी आहे?’ ते म्हणाले. तेव्हापासून मला स्वतःलाच त्या सीटच्या मालकीबद्दल थोडी शंका आहे.

पण या सगळ्यांच्या वर एक प्रश्न होता, आणि तो प्रत्येकाने विचारला : ‘काहून विकता?’ चांगली वस्तू कुणी विकत नाही आणि वाईट वस्तू कुणी चांगली म्हटल्याशिवाय राहत नाही, यावर आपल्याकडच्या सगळ्या जुन्या बाजाराचा भक्कम विश्वास आहे. खरं कारण सांगायचं तर गिऱ्हाइकाला पायाचे अंगठे काढून दाखवावे लागले असते. म्हणून एकाला सांगितलं, नवी घेतली. दुसऱ्याला सांगितलं, गाडीच विकायचा विचार आहे. तिसऱ्याला सांगितलं, डॉक्टरांनी कमरेमुळे बुलेट बंद करायला सांगितली. ही तिन्ही माणसं चहा एकाच टपरीवर पितात, हे मला कळायला हवं होतं. गोंदियात माणसं कितीही असली तरी टपरी एकच असते. तिथे तिन्ही कारणांची बेरीज झाली आणि नवी बातमी निघाली : सरांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, त्यासाठी बुलेट विकली, आता बसायला नवी सीट घेतली. मुख्याध्यापकांनी शिपायाबरोबर वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा फॉर्म पाठवला.

किंमत फुगवून सांगितल्याची लाज मला वाटत नव्हती. लडाखच्या खारदुंग ला खिंडीतली पाटी वर्षानुवर्षं 18,380 फूट उंची सांगत आली. मोजायला गेले तर 5,359 मीटर भरली, म्हणजे 17,582 फूट. हिमालयासारख्या थोरामोठ्यांच्या नावावर आठशे फूट वाढवून लावले जातात, तर मी गरिबाने हजार रुपये वाढवून सांगितले. घासाघीस होऊन दोनपर्यंत यायचं हे माझ्या मनात ठरलेलंच होतं. पण आमच्याकडे घासाघिशीची रीत वेगळी. विकणारा किंमत सांगतो आणि घेणारा हसतो. विकणारा कमी करतो, घेणारा सोबतच्या माणसाकडे बघून हसतो. मग दोघंही हसतात आणि विकणारा तिसऱ्यांदा कमी करतो. पंचवीसशे, दोन हजार, अठराशे. अठराशेला आलो तेव्हा एक जण म्हणाला, ‘एवढ्यात तं नवी नाही का भेटत?’ नवी साडेचार हजारांना होती. मी ते सांगितलं तर म्हणाला, ‘मंग नवीच घेतो ना!’ आणि गेला. घेतली मात्र नाही.

हेच गृहस्थ पुढच्या आठवड्यात आपला जुना कूलर विकत होते. टाकीला खाली गंज, मोटर दोनदा भरलेली, पंखा घरघरणारा. किंमत चार हजार.

‘चार?’ मी विचारलं.

‘सर, नवाच आहे तो. नुसती खस बदलली की झालं. एकच उन्हाळा तर चालवला.’

‘पाचशे,’ मी म्हटलं. ते कसं निघून गेलं मला कळलं नाही. गृहस्थांचा चेहरा उतरला. ‘सर, कूलर आहे, भंगार नव्हे,’ ते दुखावून म्हणाले. आपल्या घरातली वस्तू जेमतेम वापरलेली असते आणि दुसऱ्याच्या घरातली बसून-बसून काढलेली असते, हा निसर्गनियम आहे आणि तो भूगोलाच्या पुस्तकात यायला हरकत नाही.

जून उजाडला. सीटवर आता फक्त गार्डसाहेब. जाहिरातीची किंमत पंधराशेवर आली होती, तरी ‘बुलेट गेली का हो?’ असे फोन चालू होते. अशात गोरेगावकडचे एक पालक पोराची टीसी न्यायला आले आणि ओट्यापाशी थबकले. गार्डसाहेब शिस्तीत उठले.

‘सर, हे विकाची आहे म्हनते?’

‘हो. तुमची बुलेट कुठल्या सालची? 2021च्या आधीची असेल तरच बसेल.’

‘बुलेट नाही जी. ट्रॅक्टर.’

मी चष्मा पुसला. त्यांनी समजावलं. ट्रॅक्टर जुना, त्याची मूळ गादी कधीच फाटली, आता पत्र्यावर पोतं टाकून बसतात. रोवणी तोंडावर आली. पाऊस पडला की बांधीत चिखलणी सुरू. सकाळी बसलं की अंधार पडेपर्यंत उतरायचं नाही, आपली झाली की दुसऱ्याची, आणि कंबर रात्री झोपू देत नाही. त्यांनी का विकता हे विचारलं नाही. आरसी मागितली नाही. सीट उपडी केली, खालचा सांगाडा बोटांनी ठोकला, वीतभर-वीतभर करून रुंदी मोजली आणि म्हणाले, ‘खालून पट्टी वेल्डिंग करून घेतो.’ पन्नीतले बोल्ट बघितले आणि परत दिले. ‘हे राहू द्या तुमच्याले.’ दिवसाचे बारा-बारा तास बसून राहणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. टूरिंग सीटचं पुस्तकात लिहिलेलं गिऱ्हाईक लडाखच्या नाही, गोरेगावच्या वाटेवर होतं.

‘पंधराशे,’ मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही, त्यामुळे मीच थोडा गोंधळलो.

‘नगद नाही सर सध्या. बी-खतात गेले. घरी एचएमटी आहे. पंचवीस किलोचा कट्टा आणून देतो.’

एचएमटी म्हणजे आमच्या भागातला जीव की प्राण. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातून निवडून काढलेलं, मनगटी घड्याळाचं नाव घेऊन घरोघर पोहोचलेलं वाण. पण राइस मिलच्या गावात राहणाऱ्याला तांदळाचा हिशेब येतोच. मी मनात गुणाकार केला आणि म्हटलं, ‘पंधराशेला पंचवीस किलो? जास्त होतो हा भाव.’

‘जुना आहे ना सर! साल झालं. जुन्याले नव्यापेक्षा जास्त भाव लागते.’

‘जुन्याला जास्त?’

‘तं! नवा चिकटते, जुना मोकळा शिजते. तुमी गोंदियाचे न् हे माहीत नाही?’

‘अहो, मग माझी सीटपण जुनीच आहे की!’ अख्ख्या उन्हाळ्याचा राग माझ्या आवाजात आला असावा. ‘तिला का नाही लागत जास्त भाव?’

त्यांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. पोराची टीसी न्यायचा आपला निर्णय बरोबर होता, असंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

‘सीट का शिजवाची आहे, सर?’

व्यवहार झाला. दोन दिवसांनी कट्टा आला, सीट दोरीने बांधून मोटरसायकलच्या कॅरिअरवर गेली. गार्डसाहेब वळणापर्यंत तिला निरोप देऊन आले आणि मुख्याध्यापकांना कुणीतरी कळवलं की सरांच्या घरी आता लोक धान्य आणून देतात.

हिने कट्ट्याची शिवण उसवली. मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, फुंकर मारली, अंगठ्याने दाणे फिरवले, दोन दाणे दाताखाली फोडले आणि वास घेतला. बुलेट घरी आल्यापासून तिच्याशी संबंधित कुठल्याही गोष्टीवर हिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी भात मोकळा झाला. दुसऱ्यांदा वाढताना हिने बाहेर अंगणात उभ्या गाडीकडे पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं, पुढून मागेपर्यंत.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘तिचं आणखी काय-काय सुटं होतं? तुरीची डाळ संपत आलीय.’